आकडा एक, टोळ्या दोन

"मॅडम, वर्ष संपायला आठ आठवडे उरलेत आणि टार्गेट अजून लांब आहे. रात्री तीनला जाग येते, ती सकाळपर्यंत." फोनवर ते एवढंच बोलले. गोदामांसाठी रॅक विकायचे आणि बसवून द्यायचे हा त्यांचा धंदा, जोडीला धाकटा भाऊ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षअखेर जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या व्यावसायिकांचं गाऱ्हाणं बहुतेक असंच असतं.

पहिल्या भेटीला वही घेऊन या, म्हटलं होतं. पहिल्या पानावर एकच आकडा होता, खाली दोन रेघा ओढलेला: ठरलेल्या विक्रीतून झालेली वजा करून उरलेली. "हेच प्लॅनिंग?" "हेच." मला ते पान बघूनच धडकी भरली.

रॅकमधलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारायची सोय होती. ऑर्डर मिळाल्यापासून रॅक उभा राहीपर्यंत काय काय होतं? इथे ते खुलले. जागेची मापं, ड्रॉइंग, गिऱ्हाइकाची मंजुरी, ॲडव्हान्स, मग कारखान्यातलं काम, रंग, वाहतूक आणि शेवटी फिटर. फरशी कच्ची निघाली तर रॅक फरशीला जखडणारे अँकर बोल्ट धरत नाहीत. गिऱ्हाइकाने जागा रिकामी केली नसेल तर फिटर नुसते बसून राहतात.

"फिटर किती?"

"दोन टोळ्या."

मग आम्ही शेवटून मागे मोजत आलो. आठ आठवडे, दोन टोळ्या, म्हणजे 16 आठवड्यांचं काम. हातातल्या ऑर्डरींना 11 लागणार. उरले पाच. आणि ज्या नऊ कोटेशनांकडे ते डोळे लावून बसले होते, ती सगळी पक्की झाली असती तर बसवायलाच 20 आठवडे गेले असते. "म्हणजे ऑर्डर येत नाहीत म्हणून मी जागा, आणि आल्या असत्या तर..." पुढे ते बोललेच नाहीत.

गृहपाठ एवढाच दिला की नवांनाही फोन करायचा, 'कधी देताय ऑर्डर' हे विचारायचं नाही, पैसे कोणत्या वर्षाच्या बजेटमधले ते विचारायचं. या धंद्यातली वर्षअखेरची धांदल बरीचशी गिऱ्हाइकांच्या वर्षअखेरची असते. मंजूर झालेली रक्कम मुदतीत वापरली नाही तर ती जाते, म्हणून घाई. नवांपैकी तिघांनाच खरी घाई निघाली. त्यातल्या एकाने आपल्या हिशेबनिसाला विचारून सांगितलं की माल आणि बिल या वर्षात आलं तरी चालेल, बसवणं नंतर. चौघं पुढच्या वर्षाचे होते. दोघांनी तर दुसरीकडून रॅक घेऊनही टाकले होते! शिवाय दोन कोटेशनं सहा महिन्यांपूर्वीची, पोलादाच्या जुन्या भावाची, त्यावर मुदतही लिहिलेली नाही. ती पक्की झाली असती तर आकडा वाढला असता आणि नफा गेला असता.

एवढं होऊनही तिसऱ्या भेटीत झोप तशीच. तेव्हा विचारलं, "जाग आली की पहिल्यांदा डोळ्यांसमोर काय येतं?"

"बीम."

गोदामात पडून राहिलेले बीम, म्हणजे रॅकचे माल पेलणारे आडवे दांडे. भावाला ते वर्षअखेरीला सूट देऊन काढायचे होते, ज्याचे रॅक दुसऱ्याच कंपनीचे आहेत अशा गिऱ्हाइकाला. दिसायला बीम सारखेच, पण टोकाचे हुक आणि ते ज्यात अडकतात ती अपराइटची, म्हणजे उभ्या खांबाची, भोकं प्रत्येक कंपनीची वेगळी. ठोकून बसवले तरी ज्या जोडावर रॅकची भारक्षमता काढलेली असते, तो जोडच भरवशाचा राहत नाही. 2700 मिमीच्या बीमजोडीवर शेजारी शेजारी तीन युरो पॅलेट (माल रचायचे ठरावीक मापाचे लाकडी पाट) मावतात; एकेक टनाचं धरलं तर तीन टन, आणि खाली माणसं. "भाऊ म्हणतो, दादा, बसतात ते. मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही."

टार्गेटचा घोर खोटा नव्हता, पण रात्री तीनला उठवणारी गोष्ट ही होती.

चौथ्या भेटीला भाऊही आला. त्याच्याकडे वेगळीच तक्रार होती. "तो माल घेतला कुणी? गेल्या वर्षअखेरीला डिस्काउंटचा पुढचा टप्पा गाठायला दादानेच उचलला. मला विचारलं होतं?" मोठे भाऊ खाली बघत होते. मग म्हणाले, "नव्हतं विचारलं." मी मध्ये पडले नाही. दोघांनी मिळून ठरवलं: दुसऱ्या कंपनीच्या रॅकला हे बीम जाणार नाहीत, आणि सवलतीसाठी माल उचलायचा तर दोघांची सही लागेल.

पुढची कल्पना भावाचीच. नव्या वर्षाचे पहिले महिने कोरडे जातात, टोळ्या बसून असतात. त्या काळात जुन्या गिऱ्हाइकांच्या रॅकची तपासणी करायची. ईएन 15635 या युरोपीय मानकात जाणकाराकडून 12 महिन्यांत एकदा तरी तपासणी सांगितलेली आहे. अपराइटला एक मीटरची पट्टी लावायची. बीमच्या दिशेने 5 मिमीपेक्षा जास्त किंवा रॅकच्या खोलीच्या दिशेने 3 मिमीपेक्षा जास्त वाक असेल, तर ती हानी मर्यादेबाहेरची. हानी फारच गंभीर असेल तर लाल शेरा, आणि तो पडला की तो भाग लगेच रिकामा करायचा. हे सांगताना तो दोनदा खुर्चीतून उठला. फिटरांना यासाठी नीट शिकवावं लागेल, एवढं मात्र दादांनी बजावलं.

टार्गेट त्या वर्षी पुरं झालं नाही. एका गिऱ्हाइकाला दादांनी "या तारखेला जमणार नाही" असं तोंडावर सांगितलं, ते रागावून गेले ते परत आले नाहीत. पुढे तपासणीत एका जुन्या गिऱ्हाइकाकडे, पडून असलेले बीम ज्या कंपनीचे तिच्याच रॅकमधले काही बीम फोर्कलिफ्टच्या धक्क्याने वाकलेले निघाले, आणि पडून असलेल्यांपैकी 11 जोड्या तिथे बदली म्हणून गेल्या. उरलेल्या अजून गोदामात आहेत. भावाने त्यांच्या गठ्ठ्यावर खडूने कंपनीचं नाव लिहिलंय, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'दुसरीकडे नाही'.