शेतीप्रश्न : भांगेची लागवड, ताग आणि पाण्याचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच वनस्पतीविषयी आहेत. ती शेजारीशेजारी ठेवून उत्तरे देत आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग होती. फवारण्यांचा आणि मजुरीचा खर्च पेलेना, म्हणून गेल्या वर्षी दोन एकर बाग तोडली. हेम्प या पिकाला पाणी व खत लागत नाही, कीड येत नाही आणि जमीन सुधारते, असे मोबाइलवर सारखे पाहण्यात येते. एक विक्रेता बियाणे द्यायला तयार आहे. हे पीक पर्यावरणाला धक्का न लावता कसे घ्यावे? (एक शेतकरी, निफाड)

उत्तर : सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती : ते बियाणे घेऊ नका. गांजा, भांग आणि हेम्प अशी नावे वेगळी असली, तरी वनस्पती एकच आहे. फरक वाणाचा आणि त्यातल्या टीएचसी या मादक घटकाच्या प्रमाणाचा आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८ नुसार या झाडाच्या लागवडीलाच मनाई असून कलम २० खाली त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी सरकार खास आदेशाने परवानगी देऊ शकते, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या वाणांच्या लागवडीला वाट करून दिली. तसा परवाना आपल्या जिल्ह्यात साध्या शेतकऱ्याच्या हाती येत नाही. पिशवीवर 'औद्योगिक' असे छापलेले असले, तरी पंचनामा होईल तो ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याच्या शेतात, हे ध्यानात ठेवावे.

आता पिकाविषयी. आपण जे ऐकले, त्यातले निम्मे खरे आहे. धाग्यासाठी दाट पेरलेला हेम्प महिना-सव्वा महिन्यात जमीन झाकून टाकतो, त्याच्या सावलीत तणाला डोके वर काढता येत नाही आणि तणनाशकाचा खर्च वाचतो. मुळे खोल जातात, पाने शेतातच गळतात आणि पुढच्या पिकाला भुसभुशीत रान मिळते. मात्र खत लागत नाही, हे खरे नाही. हेम्प शेंगवर्गीय नाही, त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. तीन-चार महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जाणारे झाड आपला सगळा नत्र जमिनीतूनच उचलते, आणि तो शेणखताने, कंपोस्टने किंवा आधीच्या हिरवळीच्या खताने परत भरावा लागतो. पाणी कापसाहून कमी लागते, परंतु उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात ओल हवीच, आणि याच वयात साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. निफाडच्या भारी काळ्या रानात संततधार लागली, तर कोवळी रोपे पिवळी पडून माना टाकतील. मावा, कोळी आणि बुरशीही या पिकाला लागतात. फुलांसाठी किंवा बियांसाठी विरळ लावलेल्या पिकावर त्यांचा त्रास अधिक.

आणखी एक गोष्ट या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही, ती दिवसाच्या लांबीची. हेम्प हे लहान दिवसाचे पीक आहे, म्हणजे दिवस ठरावीक मर्यादेखाली आला की ते वाढ थांबवून फुलोऱ्यावर येते. फ्रान्स किंवा कॅनडात उन्हाळ्याचा दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो, म्हणून तिथले वाण उंच वाढतात आणि लांब धागा देतात. नाशिकला वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांच्या पुढे जातो. तिकडचे बी इथे पेरले, तर गुडघा-कंबरेएवढ्या झाडाला फुले येतील आणि धागा हाती लागणार नाही. पर्यावरणपूरक लागवडीचा पहिला धडा वाण निवडण्याचा आहे, आणि आपल्या अक्षांशाला साजेसे, कमी टीएचसीचे, शासनमान्य वाण हाती नसताना बाकीच्या पद्धतींना अर्थ उरत नाही.

यापुढचा टप्पा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो शेतात नसून पाण्यात आहे. खोडावरचा धागा सुटावा म्हणून पेंढ्या सडवाव्या लागतात. लहानपणी आमच्या गावी अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवत. आठ-दहा दिवसांत डोहाचे पाणी चहाच्या चोथ्यासारखे काळे पडे, वास गावात येई, आणि लहान मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना मी पाहिले आहेत. सडण्याची क्रिया पाण्यातला प्राणवायू संपवते, म्हणून ते होई. त्या वाखाचे कासरे, दावी आणि पोळ्याचे गोंडे होत. गरज गावापुरती होती आणि पहिल्या पुरात डोह धुऊन निघे. शेकडो एकरांचे पीक गोदावरीच्या किंवा कादवेच्या पाण्यात सडवायचे ठरले, तर नदीचे काय होईल, याचा विचार करवत नाही. थंड देशांत कापलेली खोडे शेतातच पसरून दवावर सडवतात, अधूनमधून उलटवतात. त्यात पाणी लागत नाही, पण त्याला रात्रीचे भरपूर दव आणि दिवसाचा कोरडेपणा असे दोन्ही हवे. म्हणून हेम्पच्या कोणत्याही योजनेत मी पहिला प्रश्न विचारीन तो हा, की पेंढ्या कुठे सडवणार.

आपल्याला जमीन सुधारायची आहे, आणि त्यासाठी आपल्याच मातीत जुना, कायदेशीर मार्ग आहे : ताग. इंग्रजीत तागाला 'सन हेम्प' म्हणतात, आणि मोबाइलवरचा बराच गोंधळ या नावामुळे झाला असावा, असे मला वाटते. ताग ही भांग नव्हे. तो शेंगवर्गीय आहे, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतो आणि मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची (मातीतल्या सूक्ष्म जंतांची) संख्या कमी करतो, ही गोष्ट बाग तोडलेल्या रानासाठी फार मोलाची आहे, कारण द्राक्षाच्या जुन्या मुळ्यांवर पोसलेले सूत्रकृमी मातीत तसेच राहतात. पावसाने चांगली ओल झाल्यावर हेक्टरी ५० ते ६० किलो बी दाट पेरावे आणि फुले दिसू लागताच, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, जमिनीत गाडावे. चार दिवसांचा आळस इथे महाग पडतो : खोड लाकडासारखे झाले की कुजायला वेळ लागतो, आणि कुजताना ते उलट जमिनीतलाच नत्र ओढते. रानाचा जो कोपरा पाणी धरतो किंवा चोपण आहे, तिथे तागाऐवजी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक घ्यावे. पुन्हा द्राक्षच लावायचे ठरले, तरी ओळींमधल्या पट्ट्यात हेच करता येते.

प्रश्न : परदेशांत भांगेची लागवड बंद खोल्यांत दिव्यांखाली करतात. तिथे कीटकनाशक कमी लागते आणि पाणी मोजून दिले जाते, मग ही पद्धत उघड्या शेतापेक्षा शाश्वत मानावी का? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : नाही, आणि याचे मोजमाप झालेले आहे. कोलोरॅडो राज्यातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'नेचर सस्टेनॅबिलिटी' या नियतकालिकात अमेरिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांचा हिशेब मांडला. एक किलो सुकी फुले बंद खोलीत पिकवताना, ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यातला खालचा आकडा घेतला, तरी सुमारे एक हजार लिटर पेट्रोल जाळल्यासारखे झाले. सर्वाधिक वीज खोलीची हवा थंड, गरम आणि कोरडी ठेवण्यात जाते, कारण बाहेरची हवा सतत आत घेऊन ती हव्या त्या तापमानाला आणावी लागते. त्याखालोखाल प्रखर दिव्यांचा खर्च, आणि झाड जोमाने वाढावे म्हणून खोलीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वेगळा. दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसशी याची तुलना करू नये. आपल्या पॉलिहाऊसमध्ये ऊन फुकटचे असते. त्या बंद खोल्यांत सूर्यच विजेवर चालवावा लागतो.

उघड्यावरची लागवड मात्र आपोआप निर्दोष ठरत नाही. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत उन्हाळ्यात, म्हणजे ओढे आटण्याच्या दिवसांत, झाडांना ओढ्यांतूनच पाणी दिले जाई. तिथल्या २०१५ च्या एका अभ्यासात हंगामात झाडामागे रोज सुमारे २२ लिटर पाणी धरले असून सॅमन माशांच्या ओढ्यांवर त्याचा ताण दाखवला आहे. जंगलात चोरून केलेल्या लागवडीत उंदरांसाठी टाकलेले विष 'फिशर' नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शरीरात सापडले. पुढे त्या राज्याने परवानाधारकांना १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात ओढ्या-नद्यांतून पाणी उचलण्यास बंदी केली. पावसाळ्यात साठवलेले पाणीच उन्हाळ्यात वापरायचे. आपल्याकडे चांदवड, येवला भागातला शेतकरी शेततळे खोदतो, त्यामागे हाच विचार आहे, आणि मला तो कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा वाटतो. त्याच्या जोडीला ठिबक, ओळींत पाचटाचे किंवा पेंढ्याचे आच्छादन, वर्षानुवर्षे न बदलता कंपोस्टवर पोसलेली माती आणि किडीसाठी मित्रकीटक, एवढ्या गोष्टी जिथे केल्या जातात, तिथे या पिकाचा भार खरोखर हलका होतो.

प्रश्न : मी वास्तुशास्त्र शिकतो. हेम्प आणि चुन्याच्या भिंतींविषयी वाचले. आपल्याकडे याला काही पूर्वाधार आहे का? (एक विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर : आहे, आणि तो नाशिकहून एका दिवसात जाऊन पाहण्यासारखा आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याचे नमुने तपासताना माती आणि चुन्यात भांगेचे तुकडे मिसळलेले आढळले. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि वनस्पतीशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी हे २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले; मिश्रणातला भांगेचा वाटा सुमारे १० टक्के होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडली नाही, आणि तिथे किड्यांनी गिलावा पोखरला आहे. वेरूळला ते नुकसान दिसत नाही. आजच्या हेम्प-चुन्याच्या भिंतीत धागा नव्हे, तर धागा काढल्यावर उरलेला खोडाचा हलका गाभा वापरतात. ही भिंत भार पेलत नाही, सांगाडा वेगळा उभारावा लागतो. पण ती ओल शोषते, सोडते आणि उष्णता अडवते. कच्चा माल इथे पिकवता येत नाही तोवर, त्र्यंबक-इगतपुरीकडे ढिगांनी मिळणारे भाताचे तूस चुन्यात मिसळून नमुन्याच्या विटा करून पाहाव्यात, असे मी सुचवीन.

प्रश्न : आमच्या बांधावर गांजासारखी दोन-तीन झाडे आपोआप उगवली आहेत. उपटून टाकावीत की राहू द्यावीत? (त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर : आधी झाड नीट ओळखा, कारण अंबाडीचे पान हुबेहूब तसेच हाताच्या पंजासारखे चिरलेले असते, तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनॅबिनस', म्हणजे भांगेसारखी, असे आहे. पान चावून पाहावे. आंबट लागले आणि मधोमध गडद ठिपका असलेले पिवळट फूल आले, तर ती अंबाडी, भाजी करावी. पान आंबट नसेल, त्याच्या पर्णिका (पानाची सुटी बोटे) देठाशी एकाच बिंदूतून फुटून कडेने करवतीसारख्या दातेरी असतील आणि चोळल्यावर उग्र वास येत असेल, तर झाड न उपटता पोलीस पाटलांना सोबत घेऊन ठाण्यात कळवावे आणि तसे लिहून दिल्याची पोच घ्यावी. जमिनीत बेकायदा लावलेल्या अशा झाडांची माहिती तात्काळ देणे हे एनडीपीएस कायद्याच्या कलम ४६ नुसार जमीनधारकाचे कर्तव्य आहे. आपली झाडे आपोआप उगवलेली असली, तरी ती कोणी लावली नाहीत हे पुढे आपल्यालाच सांगत बसावे लागेल. तेव्हा पोच आधीच हाती असलेली बरी.