फोन मुलीच्या हातात द्या

पत्र: माझं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी २३ वर्षांची, उपयोजित कलेत बीएफए. दीड वर्ष घरूनच लोगो, पत्रिका, ब्रोशरची कामं करते. हात चांगला आहे, पण तिला भाव करता येत नाही. सुरुवातीला स्वस्तात करावं, नाव झालं की दर वाढवावा, हे तिला पटत नाही. माझ्या ओळखीच्या बिल्डरला तिने लोगोचे ८,००० सांगितले. माणूस दुखावू नये म्हणून मीच ३,००० मध्ये ठरवून दिलं. त्यांनी अकरा वेळा बदल करून घेतले, तिचे नऊ दिवस गेले. आता तिला बँकेच्या परीक्षेला बसवावं म्हणतो. कोणती परीक्षा द्यावी?

नमस्कार.

परीक्षेचं आधी सांगते. बीएफए ही पदवीच आहे, त्यामुळे आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांच्या भरतीच्या, क्लार्क आणि पीओ (अधिकारी) परीक्षांना ती बसू शकते. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते वेगळ्याच कारणासाठी.

भाव तिने केला होता. ८,००० हा आकडा तिने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. तो तुम्ही पाडलात, तिला न विचारता, आणि आता म्हणता की तिला भाव करता येत नाही. त्या बिल्डरला त्या दिवशी कळलं की या मुलीच्या शब्दाला घरातच किंमत नाही. मग अकरा वेळा बदल मागताना तो कशाला थांबेल? नऊ दिवसांचे ३,००० म्हणजे दिवसाला साडेतीनशेही नाहीत. तुमच्या दुकानात माल उतरवणाऱ्याला तुम्ही याहून जास्त देत असाल.

तुम्ही जन्मभर गिऱ्हाइकं सांभाळलीत, म्हणून तुमच्याच धंद्यातलं विचारते. रंगाच्या डब्यावर तुम्ही वीस-पन्नास रुपये सोडता, पण खरेदीच्या खाली जाता का? नाही, कारण खरेदी तुम्हाला पाठ असते. मुलीची खरेदी म्हणजे तिचे दिवस. महिन्याला २५,००० हातात यायचे असतील आणि लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज यांचे ५,००० धरले, तर ३०,००० झाले. महिन्यातले पैसे देणारे दिवस फार तर बारा; बाकीचे दिवस काम शोधण्यात, फोनवर आणि बिलाच्या मागे लागण्यात जातात. म्हणजे दिवस २,५०० चा. लोगोला चार दिवस धरले तर १०,००० होतात. तिने ८,००० सांगितले तेव्हाच ती तुमच्या ओळखीची लाज राखत होती.

राहिलं ‘आधी स्वस्त, मग नाव, मग दर’. हा समज बऱ्याच मुलांचं नुकसान करतो. ३,००० वाला माणूस तिचं नाव पुढे सांगतो तेव्हा आकडाही सांगतो. त्याच्याकडून येणारं पुढचं गिऱ्हाईक ३,००० धरूनच येतं, आणि तिने ८,००० म्हटलं की त्याला वाटतं, मला लुटायला निघालेत. दर वाढतो तो बहुतेक नव्या गिऱ्हाइकापाशी. जुन्यापाशी तो रुपया-रुपयाने सरकतो. नवखेपणी कमी घ्यायचंच असेल तर बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखवावी, म्हणजे खरा दर दोघांच्याही लक्षात राहतो.

समोरच्याचं बजेट खरंच ५,००० असू शकतं. तेव्हा दर नाही, काम कमी करायचं. तीनऐवजी एकच डिझाइन, दोनच करेक्शन, लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्ड वेगळं. तिसऱ्या करेक्शनपासून पैसे. निम्मी रक्कम आधी. हे सगळं काम सुरू होण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं आणि समोरून ‘ओके’ आल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली तर तिचा दर वेगळा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे डिझाइनचे हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी कागद आणि सही लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. कायमचा लोगो हवा असलेल्याला तिच्या सहीची गरज आहे. त्या सहीची किंमत ती का सोडून देते?

थकलेले पैसे वसूल होण्यासाठी आणखी एक. तिची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, फुकट असते. एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे मग लेखी करारात काहीही मुदत असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज.

बँकेची परीक्षा तिला स्वतःला द्यावीशी वाटत असेल तर जरूर द्यावी. तुमच्या पत्रात तिचं मत मला कुठेच सापडलं नाही.

ते बिल्डर ब्रोशरसाठी पुन्हा फोन करतील. तेव्हा एवढंच म्हणा, ‘तिच्याशीच बोला, दर तीच ठरवते.’ आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. गेल्या सहा महिन्यांतली कामं, प्रत्येकाला लागलेले दिवस आणि हातात आलेले पैसे, एवढं लिहिलं तरी पुरे. तिचा दर आम्ही दोघी बसून ठरवू.