पाळी थांबल्यावरचं कोलेस्टेरॉल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ५१, पाळी थांबून दीड वर्ष झालं. आहार बदलला नाही, तरी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढून १५२ कसं?

उत्तर : इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल जास्त उचलतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटलं की एलडीएल रक्तातच साचतं. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. मात्र टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. या वयात थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल चढतं.

प्रश्न : इस्ट्रोजेनपासून शरीरात बनणारे पदार्थ अँटिऑक्सिडंट असतात असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. इस्ट्रॅडिओल हे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन. त्याच्या रेणूतल्या एका कड्यावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट असतोच. यकृत त्याच्या शेजारी आणखी एक बसवतं. तयार होतं २-हायड्रॉक्सीइस्ट्रॅडिओल, म्हणजे कॅटेकोल इस्ट्रोजेन. शेजारशेजारचे हे गट फ्री रॅडिकलला (मेदाचं ऑक्सिडेशन घडवणाऱ्या अस्थिर रेणूला) हायड्रोजन चटकन देऊन टाकतात. एलडीएलमधल्या मेदाचं ऑक्सिडेशन त्यामुळे लांबतं. हे महत्त्वाचं, कारण ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल पांढऱ्या पेशी गिळतात, फुगतात आणि धमनीच्या भिंतीत थर धरतात.

पण हे दिसतं परीक्षानळीत, आणि तिथली मात्रा रक्तातल्या मात्रेच्या कितीतरी पट असते. शरीरात कॉम्ट नावाचं एन्झाइम या पदार्थांना लगेच मिथाइल गट जोडून त्यांचं रूप पालटतं. शिवाय नवा गट पहिल्याच्या दुसऱ्या बाजूला बसला तर ४-हायड्रॉक्सी प्रकार तयार होतो; त्यापासून क्विनोन नावाचे पदार्थ बनतात, आणि ते डीएनएला इजा करतात. नुसतं ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून या पदार्थांचं कौतुक केलेलं मला पटत नाही.

प्रश्न : आईला हार्ट अटॅक येऊन गेलाय. तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर?

उत्तर : हृदयासाठी म्हणून मुळीच देऊ नका. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘हर्स’ चाचणीत हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवर नेमका हाच प्रयोग झाला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं स्त्री-हार्मोन) यांच्या गोळीने एलडीएल उतरलं, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) चढलं, तरीही अटॅक कमी झाले नाहीत; पहिल्या वर्षी तर जास्तच आले. आईंना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) चालू आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न : मग अँटिऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन ई?

उत्तर : नको. ‘होप’ चाचणीत रोज ४०० युनिट देऊनही हृदयाला फायदा झाला नाही.

प्रश्न : अंगातून वाफा येतात म्हणून डॉक्टरांनी इस्ट्रोजेन सुचवलंय, पण माझे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३८० आहेत.

उत्तर : हे त्यांना आवर्जून सांगा. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतात जाते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. पॅच किंवा जेल त्वचेतून थेट रक्तात जातं, त्याने सहसा ते वाढत नाहीत.