टेकडी उतरताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी दम वाढावा म्हणून तू तीन आठवडे रोज पहाटे गोगाबाबा टेकडी पळत चढतोस, पळतच उतरतोस आणि आता खोलीचा जिना उतरताना तुला कठडा धरावा लागतो, असे तू लिहिले आहेस. टेकडी निवडलीस हे मला आवडले. मात्र ती रोज चढणे आणि पळत उतरणे, या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

चढताना छाती भात्यासारखी चालते, त्यामुळे शरीर आपोआप वेगाला आवर घालते. उतरताना दम लागत नाही आणि नेमके तिथेच माणूस फसतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून तुझे सगळे वजन रोखून धरतो; या उलट्या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ते दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळून येते. प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापात 9 अंशांच्या उतारावर पाऊल आदळण्याचा जोर सपाटीच्या सुमारे दीडपट भरला होता. आपल्याकडच्या टेकड्यांवर त्यात सुट्या मुरमाची भर पडते, म्हणजे घोटा मुरगळण्याचीही सोय झालीच.

परंतु हाच स्नायू लवकर शिकतो. एकदा बेताने उतार पळून झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर तो पूर्वीइतका दुखावत नाही. म्हणून जिना नीट उतरता येईपर्यंत टेकडीला सुट्टी दे. नंतर आठवड्यातून एकदाच जा, चढ पळ आणि उतर चालत. तीन-चार आठवड्यांनी शेवटचा सौम्य टप्पा तेवढा पळत उतरून पाहा. पावले आखूड आणि भराभर टाक, अंग मागे रेलू देऊ नकोस, टाच पुढे रोवून ब्रेक लावू नकोस. उरलेल्या दिवसांत मैदानावर पळ, कारण तुझी परीक्षा शेवटी सपाटीवरच आहे.

दुखण्यांमधला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील आणि थोडे चालल्यावर मोकळ्या होत असतील, तर काळजी नाही. सकाळी उठल्यावर टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी, ताठरत असेल, तर चढ कमी कर, कारण चढावर पोटरीवर आणि तिच्यावरच भार येतो, आणि स्नायूंच्या मानाने कंडरा फार सावकाश बळकट होतात. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठसठसत असेल, तर पळणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. तुझ्या वयाचा असताना मी असे दुखणे हळद-गुळाच्या लेपावर महिनाभर ढकलले. हाडाला सूक्ष्म तडा होता, आणि ज्या स्पर्धेसाठी ढकलले ती स्पर्धा मी कठड्यावर बसून पाहिली. लेपाचा दोष नाही, त्यावर विसंबून मी पळत राहिलो हा माझा दोष.

वेदनाशामक गोळी घेऊन पळण्याबद्दल तू विचारले आहेस. घेऊ नकोस. गोळीने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. जबर मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठ.

अविनाश साबळे यांच्यासारखे व्हायचे आहे, असेही तू लिहितोस. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या या मुलाने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचे, सुवर्णपदक जिंकले, हे आपल्या सर्वांना अभिमानाचे आहे. पण लष्करात भरती झाल्यावर त्या पदकापर्यंत त्यांनी किती वर्षे सराव केला, हे मोज, आणि मग तुझे तीन आठवडे त्याच्याशेजारी ठेव.

येत्या रविवारी कठड्याला हात न लावता जिना उतरून पाहा. जमले तर मला कळव, आपण दोघे मिळून टेकडीवर जाऊ. मी या वयात चालतच उतरणार आहे, आणि तूही माझ्याबरोबर चालतच उतरायचे आहेस.

तुझा,
काका