उबुंटूवर प्रोजेक्टच्या फायली कुठे ठेवाव्यात: होम, ऑप्ट की यूएसआर-लोकल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी तुम्ही पायथनमध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहिताय, बिलं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत निघायचीत, आणि कोड कुठे ठेवू असं विचारलंय. लिहिणं चालू आहे तोवर होममध्येच, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेवा.

जागा कोणाच्या ताब्यातली ते आधी बघायचं. /यूएसआर एपीटीची, म्हणजे उबुंटूवर पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची; तिथं हातानं टाकलेली फाइल पुढच्या अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते. /यूएसआर/लोकल अ‍ॅडमिनसाठी, सोर्सवरून बांधलेल्या साधनांना. पण पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, तिथलं बिन /यूएसआर/बिनच्या आधी लागतं, म्हणून तिथं दुसरं पायथन टाकलंत तर भलत्याच स्क्रिप्टा ते उचलतात. /ऑप्ट तयार, आपापल्या फोल्डरात मावणाऱ्या सॉफ्टवेअरला.

होममध्ये ‘प्रोजेक्ट्स’, त्यात गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर, त्यात कोड. छापलेली बिलं आणि डेटाबेस गिटबाहेर (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन). या फोल्डरात सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावून काही चालवू नका. फायली रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या, नावावर जातात आणि नंतर ‘परमिशन डिनाइड’ येत राहतं. तसं झालंच असेल तर त्या फोल्डरापुरता चौन -आर (chown -R) चालवून मालकी परत घ्या.

फोल्डरांची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. बिलाच्या फाइलला मात्र गिऱ्हाइकाचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये द्यायचा मोह होतो, आणि आपल्याकडची गोची तिथंच होते. ईएक्सटी4 वर, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर, नावाची मर्यादा 255 बाइट आहे, 255 अक्षरं नव्हे. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, कन्नडचंही तेवढंच. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: नुसत्या ‘श्री’चे 12 बाइट. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. ‘मेसर्स’पासून गल्लीपर्यंत पत्ता घातलात की ‘फाइल नेम टू लाँग’. फाइलला बिल नंबर द्या, नाव डेटाबेसात राहू दे.

विंडोजच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे एनटीएफएसवर, कोड नको. लिनक्सच्या परवानग्या तिथं नीट टिकत नाहीत.  /टेम्पमध्ये तर काहीच नको, लाईट जाऊन मशीन परत चालू झालं की ते रिकामं. पावसाळ्यात खानापूरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्राम चालू करायची वेळ आली की तो /एसआरव्हीमध्ये, म्हणजे सर्व्हरवरून पुरवायच्या गोष्टींच्या फोल्डरात, न्या. उबुंटू 21.04 पासून नव्या होमची परवानगी 750 असते (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना बंद), त्यामुळे एनजिनएक्स या वेब सर्व्हरला आत शिरता येत नाही आणि 403, म्हणजे ‘प्रवेश नाही’चा एरर, दिसतो. त्यावर 777 ठोकणं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं करणं, हा उपाय नव्हे. नेताना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजेस) कॉपी करू नका. त्यातल्या स्क्रिप्टांत जुना पूर्ण पाथ कोरलेला असतो. नव्या जागी ते नव्यानं बनवा आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून पॅकेजेस परत घाला.