‘ऑल-सीझनवर भागेल ना?’ : हिवाळी टायरांची प्रश्नोत्तरे

ऑक्टोबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला असतो. माणसं नवी, शंका त्याच. टोरंटोच्या आसपास आपली मंडळी वाढली तशी व्हॉट्सॲपवरची टायरविद्याही वाढली. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायला कोणी विसरत नाही, पण टायर बदलायची वेळ घ्यायला मात्र पहिल्या बर्फाची वाट पाहिली जाते आणि त्या दिवशी कुठल्याच दुकानात जागा नसते. खालचे बहुतेक प्रश्न टोरंटोच्याच ऑन्टारियो प्रांतातले आहेत, एक मॉन्ट्रियलच्या वाटेवरचा आणि एक थेट पुण्याहून आलेला. गाडी समोर नसताना दिलेलं उत्तर अर्धंच असतं, एवढं लक्षात ठेवून वाचा.

गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, वर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असंही लिहिलंय. मग विंटर टायर कशाला?

ऑल-सीझन हे नाव विक्रीसाठी ठेवलेलं आहे, कॅनडातले सगळे ऋतू त्यात धरलेले नाहीत. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की त्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. एम+एस ही खूण फक्त नक्षी कशी आहे ते सांगते, ती मिळवायला बर्फावर कसलीही परीक्षा द्यावी लागत नाही. शोधायची ती तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण. ती बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यासाठी नुसतं एम+एस चालतच नाही, हीच खूण लागते.

‘ऑल-वेदर’ हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यावर डोंगराची खूण असते आणि तो वर्षभर ठेवता येतो. टोरंटोलगतच्या मिसिसागातल्या मिसिसागात फिरणाऱ्याला तो पुरू शकतो. रोज उत्तरेकडच्या बॅरीला जाणाऱ्याने किंवा त्याहून उत्तरेच्या सडबरीत राहणाऱ्याने खरे विंटर टायरच घ्यावेत. तुम्ही कुठे, किती आणि कोणत्या वेळी गाडी चालवता ते दुकानदाराला सांगा आणि मगच ठरवा.

आमची एसयूव्ही चारही चाकं चालणारी आहे. तरीही?

तरीही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते छान. थांबवताना त्याचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात.

गाडी पुढच्या चाकांवर चालते. दोनच विंटर टायर पुढे लावले तर?

नाही, चारही लावा. पुढची दोन धरतात, मागची दोन घसरतात आणि ब्रेक मारताच गाडी गर्रकन फिरते. पैसे कमी असतील तर स्वस्तातल्या कंपनीचे घ्या, पण चार घ्या.

विद्यार्थी आहे, नुकतीच जुनी गाडी घेतली. ऑनलाइन जाहिरातीत ‘एकच सीझन वापरलेले’ चार विंटर टायर रिमसकट निम्म्या किमतीत मिळतायत. घेऊ का?

या प्रश्नावर मी लांबण लावणार आहे. दरवर्षी सप्टेंबरात आलेली मुलं नोव्हेंबरात नेमका हाच सौदा करतात आणि मग मला टायरचे फोटो पाठवतात, तेही पैसे देऊन झाल्यावर.

पहिली गोष्ट वय. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. ३५१७ असेल तर टायर २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालाय. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि टायर रिमवर चढवलेला असला की ती बाजू नेमकी आतल्या अंगाला गेलेली असते. ‘आकडे दिसत नाहीत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. चाक उलटं करून बघा. विंटर टायरचं सगळं मोल त्याच्या मऊ रबरात आहे आणि ते रबर वयाने कडक होत जातं, गाडी चालो वा न चालो. ‘एकच सीझन वापरलेले’ हे अगदी खरं असू शकतं. तो सीझन आठ वर्षांपूर्वीचा होता, हे मात्र जाहिरातीत लिहीत नाहीत. अंगठ्याने दाबून पाहणं ही परीक्षा नव्हे, उबदार तळघरात ठेवलेला म्हातारा टायरही बोटाला मऊच लागतो.

दुसरी गोष्ट खाच. नव्या विंटर टायरची खाच साधारण ८ ते ९ मिलिमीटर असते. ऑन्टारियोत कायदा दीड मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, म्हणून विकणारा ‘पास होईल की’ म्हणतो. पण ट्रान्सपोर्ट कॅनडाचा सल्ला असा की ४ मिलिमीटरच्या जवळ आलेले टायर बर्फाच्या रस्त्यावर वापरू नयेत. म्हणजे पाच मिलिमीटरचा टायर तुम्ही एका हिवाळ्यापुरताच विकत घेताय. त्यात आणखी एक मेख आहे. काही विंटर टायरांत खास सच्छिद्र रबर फक्त वरच्या थरात असतं. तो थर झिजला की खाली साध्या जातीचं रबर उरतं. नक्षी दिसते, टायर गोटा झालेला नसतो, आणि तरी बर्फावरची पकड गेलेली असते. खोली मोजायचं साधन काही डॉलरना मिळतं. ते घेऊन जा, आणि प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. पॉलिश मारून काळाभोर केलेला टायर पाहिला की मी आधी त्याच्या बाजूंवरून हात फिरवतो. बाजूला फुगवटा, चीर किंवा ठिगळ असेल तर विषय संपला, तिथलं पंक्चर काढून टायर महामार्गावर नेता येत नाही. तीच गत बाहेरून नुसती दोरी खुपसून बुजवलेल्या भोकाची. आतली बाजू टायर रिमवरून उतरवल्याशिवाय दिसत नाही.

चौथी गोष्ट माप. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकार आणि भार पेलण्याचा आकडा जुळलाच पाहिजे. ‘माझ्या मित्राच्या याच मॉडेलला बसले होते’ हा पुरावा नव्हे, एकाच मॉडेलमध्ये रिमचे दोन-तीन आकार असतात. पुष्कळ विंटर टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. उलटे चढवले तर चिखलबर्फ बाहेर फेकायची नक्षीच उलटी चालते.

तेव्हा घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण पैसे देण्याआधी ते चार टायर एखाद्या गॅरेजमध्ये उतरवून तपासा आणि त्याची फी विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. चाकं चढवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्यायचे, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

बर्फात टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते म्हणतात. आणि नायट्रोजन भरावा का?

कोण म्हणतं? हवा थंडीने आपोआपच उतरते, तापमान पाच-सहा अंशांनी पडलं की सुमारे १ पीएसआय. वीस अंशांच्या गॅरेजात भरलेली हवा उणे दहात पाच-एक पीएसआयने कमी भरते. ती आणखी काढायची नाही, भरायची. आकडा दाराच्या स्टिकरवरचा घ्या आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर मोजा. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. वेगळे पैसे देऊ नका.

डिसेंबरच्या सुट्टीत गाडीने मॉन्ट्रियलला जायचंय. तिथे विंटर टायरची सक्ती आहे म्हणे, आम्हाला दंड होईल का?

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, पण ती क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना. ऑन्टारियोच्या नंबरपाटीच्या गाडीला त्यासाठी दंड होणार नाही. पण तुमच्या पुढेमागे धावणाऱ्या क्यूबेकच्या गाड्या विंटर टायरवर असतील, म्हणजे त्या तुमच्यापेक्षा लवकर थांबतील, हा हिशोब करून निघा. आणि अपघात झाला तर विमा काय म्हणेल, हे एजंटला निघण्याआधी विचारा.

विंटर टायरमुळे विमा स्वस्त होतो का?

हो. ऑन्टारियोत १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना अशी सवलत देणं भागच आहे. मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. एजंटला फोन करा.

गाडी घसरू लागली तर नेमकं काय करायचं? भारतात ब्रेक ‘पंप’ करायला शिकलो होतो.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं यंत्र) असलेल्या गाडीत पंप करू नका, ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर होते, खडखड ऐकू येते. तो बिघाड नाही, तेच यंत्राचं काम आहे. गाडी तिरपी जाऊ लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा, हिसका न देता. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बंद. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीशी तीन सेकंदांचं अंतर ठेवत असाल, तर बर्फात आठ-दहा ठेवा. पुलाखालूनही गार वारा वाहतो, त्यामुळे पूल रस्त्याच्या आधी गोठतो, आणि तिथला पातळ काच-बर्फ नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. मीठ टाकलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. हे वाचून येत नाही. हिवाळी ड्रायव्हिंगचा एखादा धडा प्रशिक्षकाबरोबर घ्या, निदान या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात तरी.

सकाळी गाडी किती वेळ चालू ठेवून गरम करावी?

अर्धा-एक मिनिट, मग हळू निघा. बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, दार उघडं ठेवूनही नाही. आणि बर्फात अडकून पडलात तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते उतरून बघा. बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. तासाला दहा मिनिटं इंजिन आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली, एवढंच. डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर बाहेर पडा आणि ९११ हा आणीबाणीचा नंबर लावा.

विंटर टायर कधी काढायचे?

सकाळचं तापमान सलग सात अंशांवर राहू लागलं की. पाडव्याच्या मुहूर्तावर नको, तो कधी कधी मार्चातच येतो. पण जूनपर्यंत ठेवूही नका, उन्हात ते रबर भराभर झिजतं आणि ब्रेकलाही जास्त अंतर लागतं.

पुण्याहून स्वतःच्या गाडीने जानेवारीत मनालीला जातोय. चेन घेतली की झालं ना?

नाही झालं. मनालीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर जा. पुढे सोलंग आणि अटल बोगद्याकडे बर्फ पडला की प्रशासन बहुधा फक्त फोर बाय फोर आणि चेनवाल्या गाड्याच सोडतं. २०२४ च्या डिसेंबरात याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. गाडी मनालीत ठेवा आणि पुढे तिथल्या ड्रायव्हरची टॅक्सी करा. चेन घ्यायचीच असेल तर टायरच्या मापाची घ्या. ती इंजिन फिरवतं त्या चाकांवर चढते, वेग ४०-५० च्या आत ठेवावा लागतो आणि मोकळं डांबर लागताच काढावी लागते. पुण्यात पार्किंगमध्ये एकदा चढवून-उतरवून बघा, नाहीतर तिथे गारठलेल्या बोटांनी सूचनापत्रक वाचत बसाल. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. आणि निघण्याआधी मेकॅनिककडून कूलंट तपासून घ्या. आपल्याकडे त्यात सर्रास नळाचं पाणी ओततात आणि ते मनालीच्या रात्रीत गोठलं तर इंजिन फुटू शकतं.