बुडबुडा, फुगा की तेजी? जपानी ‘बाबुरू’ची शब्दचर्चा

प्रश्न असा आला आहे: “जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या दिसण्याबद्दल मराठीत लेख लिहिते आहे. ‘बबल एरा’ला ‘बुडबुड्याचं युग’ लिहिलं तर घरचे हसले. ‘फुग्याचं युग’ म्हटलं की वाढदिवस आठवतो. शिवाय त्या काळच्या झगमगाटाला जपानी लोक ‘बबली’ म्हणतात असं वाचलं. त्याला मराठीत काय म्हणू?”

आधी ‘बबली’चं. तो शब्द तसाच ठेवलात तर मराठी वाचकाला शेजारची मुलगी नाहीतर हिंदी सिनेमा आठवेल, त्यामुळे तो नको. त्याची जागा घेणारा फर्मास शब्द आपल्याकडे आहे, पण त्याच्याकडे जरा वळसा घालून जाऊ, कारण अडचण खरी ‘बबल’मध्ये आहे. ‘बबल’ म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानात जमिनीचे आणि शेअरचे भाव अवाच्या सव्वा फुगले तो काळ.

मराठीत बुडबुडा म्हटला की पाठोपाठ कीर्तन येतं. देह म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, संपत्ती म्हणजे बुडबुडा, आत्ता आहे आणि आत्ता नाही. शब्द उच्चारला त्याच क्षणी तो फुटणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. फुग्याचं तसं नाही. फुगा आपोआप होत नाही, कुणीतरी गाल फुगवून त्यात हवा भरावी लागते. म्हणून अर्थकारणाच्या पानावर मी फुग्याच्या बाजूचा. १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन पडत होते, १९८७ संपताना १२० च्या घरात आले. येन महागल्याने जपानी निर्यातदार कळवळले, म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर खाली आणत आणत फेब्रुवारी १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर नेला आणि मे १९८९ पर्यंत तिथेच ठेवला. स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये शिरला. २९ डिसेंबर १९८९ ला जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. एवढी हवा भरणारे हात आणि तोंडं दिसत असताना त्याला बुडबुडा म्हणणं म्हणजे सगळा दोष पाण्यावर ढकलणं.

जपानीत गंमत वेगळीच आहे. बुडबुड्याला आणि फेसाला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, ‘आवा’. जुन्या काव्यात त्याचंच हळवं भावंड ‘उताकाता’ आहे, आपल्या कीर्तनातल्या बुडबुड्याच्या अगदी जवळचं. घाम न गाळता मिळालेल्या पैशाला ‘आबुकुझेनी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः बुडबुड्याचा पैसा. आणखी एक म्हण आहे, ‘नुरेते दे आवा’: ओल्या हाताने आवा. यातला आवा म्हणजे बुडबुडा नाही, राळ्यासारखं बारीक धान्य. ओला हात धान्यात घातला की मूठ न वळताही दाणे चिकटून येतात, तशी फुकटची कमाई. पण उच्चार एकच असल्यामुळे खुद्द जपानी माणसंही तिथे फेस समजतात आणि तसं लिहून मोकळी होतात. चूक आहे, पण सुंदर चूक आहे.

एवढा साठा घरात असताना या आर्थिक प्रकाराला त्यांनी नाव दिलं ते इंग्रजीवरून उचललेलं, परक्या शब्दांसाठी राखलेल्या काताकाना लिपीत लिहिलेलं: ‘बाबुरू’. ते तोंडी रुळलं कधी? जपानात दरवर्षी नव्या आणि गाजलेल्या शब्दांना पारितोषिकं देतात. ‘बाबुरू केइझाइ’, म्हणजे बबल अर्थव्यवस्था, हा शब्द त्या यादीत आला १९९० साली. तोवर शेअर बाजार घसरणीला लागला होता. म्हणजे बाबुरू हे बारशाला ठेवलेलं नाव नाही, बाराव्याला ठेवलेलं नाव आहे.

तुमच्या लेखासाठी माझ्या मते हाच कळीचा मुद्दा. तेजीत जगणाऱ्या माणसाला आपण बुडबुड्यात आहोत हे माहीत नव्हतं, आणि त्या काळात गेम बनवणाऱ्यालाही नव्हतं.

अर्थकारणाच्या भाषेत त्या काळाला ‘बाबुरू केइकी’ म्हणतात. सरकारी मोजणीनुसार तो डिसेंबर १९८६ ते फेब्रुवारी १९९१, एकूण ५१ महिने. यातला ‘केइकी’ हा शब्द जरा हातात धरून पाहण्यासारखा आहे. आज त्याचा अर्थ बाजाराची हालचाल, धंद्याचं वारं. पण तो लिहितात त्या दोन चिन्हांपैकी पहिल्याचा अर्थ दृश्य, देखावा आणि दुसऱ्याचा वृत्ती, मूड. काव्यचर्चेत एके काळी केइकी म्हणजे कवितेतून डोळ्यांपुढे उभा राहणारा देखावा आणि त्याची भावछटा. अर्थव्यवस्थेच्या तब्येतीला ‘देखाव्याचा मूड’ म्हणणाऱ्या भाषेत तेजीचा परिणाम चित्रांवर दिसला याचं आश्चर्य वाटायला नको.

आता गेमकडे येऊ. ‘बबल एरा’चं दिसणं म्हटलं की सगळे बोट दाखवतात ते सेगा कंपनीच्या ‘आउट रन’ या गाडी चालवायच्या गेमकडे. लाल उघडी फेरारी, शेजारी सोनेरी केसांची मैत्रीण, निळंशार आकाश, समुद्रकाठी ताडाची झाडं, आणि निघण्याआधी रेडिओची कळ फिरवून गाणं निवडायची सोय. ना शत्रू, ना गोळ्या, वेळेत पोचायचं एवढंच. गेमचे कर्ते यू सुझुकी यांनी त्यासाठी युरोपात भाड्याच्या गाडीतून भटकंती केली होती. हिरोशी कावागुची यांचं संगीत वाजत होतं यामाहाच्या एफएम चिपवर (हे एफएम रेडिओचं नव्हे, कृत्रिम आवाज तयार करायची पद्धत). त्याच पद्धतीचा आवाज यामाहाच्या डीएक्स-७ कीबोर्डने १९८३ पासून जगभरच्या पॉप गाण्यांत नेला होता, काचेच्या ग्लासावर चमचा वाजवावा तसा टणटणीत. हे सगळं डोलणाऱ्या, बसायच्या मोठ्या यंत्रात. अशा गेमना जपानीत ‘ताइकान’ म्हणत, म्हणजे अंगाने अनुभवायचे. फेब्रुवारी १९८५ मध्ये गेम सेंटर, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायची दुकानं, करमणूक-व्यवसायाच्या कायद्याखाली आली होती आणि मध्यरात्री बंद करावी लागत होती. अंधाऱ्या, धुरकट जागा म्हणून त्यांची बदनामी होती. तिथे ही लालभडक गाडी ठेवली की जागेचा चेहराच बदलायचा.

पण तारीख बघा. ‘आउट रन’ आला सप्टेंबर १९८६ मध्ये. सरकारी बबल सुरू व्हायला अजून तीन महिने होते. उलट त्या वेळी जपानात ‘एन्दाका फुक्यो’ म्हणजे महाग येनमुळे आलेली मंदी चालू होती! दुसरं लाडकं उदाहरण सेगाचाच ‘सोनिक’ हा गेम. त्याच्या पहिल्या टप्प्याची, ग्रीन हिल झोनची, चौकडीची तपकिरी माती आणि कॅलिफोर्नियाची आठवण देणारा किनारा. तिथल्या रंगांवर एइझिन सुझुकी या चित्रकाराचा प्रभाव आहे. (हे सुझुकी वेगळे, गाडीवाले वेगळे आणि मोटार कंपनीवाले तिसरे.) ऐंशीच्या दशकात पॉप गाण्यांच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर यांचीच झळझळीत उन्हं असत. ‘सोनिक’ आला २३ जून १९९१ ला, बबल संपून चार महिने झाल्यावर. पंखे हलवत उंच चौथऱ्यावर नाचणाऱ्या तरुणींचं जे दृश्य प्रत्येक माहितीपटात ‘बबल’ म्हणून दाखवतात, ते टोक्योच्या ज्युलियानाज क्लबमधलं. तो उघडला मे १९९१ मध्ये.

यावर कुणी म्हणेल, मग गेम आणि बबलचा संबंधच नाही. असं नाही. वृत्ती पंचांग बघून बदलत नाही. येन चढायला लागला तेव्हापासून परदेश हातात आला होता. १९८७ मध्ये जपान सरकारने वर्षाला एक कोटी नागरिक परदेश प्रवासाला पाठवायची योजनाच काढली आणि १९९० मध्ये तो आकडा गाठलाही. गेममधला किनारा जपानचा नाही, हे महत्त्वाचं. पडद्यावर होती ती परवडू लागलेली सुट्टी. म्हणून या गेमना मी ‘तेजीचे गेम’ म्हणेन. आणि तेजी हा शब्द नुसता बाजारातला नाही. जुन्या मराठीत तेजी म्हणजे चपळ, उमदा घोडा. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ ही म्हण अजून कुठे कुठे ऐकू येते. वेग, चमक आणि चढता भाव एकाच शब्दात. फेरारीच्या बिल्ल्यावर मागच्या पायांवर उभा असलेला प्राणी कुठला, हे सांगायला नकोच.

तेजी गेममध्ये नुसती रंगांत नव्हती. १९८८ मध्ये निन्टेन्डोने नोमुरा सिक्युरिटीज या शेअर दलाल कंपनीच्या जोडीने अशी सोय काढली की फॅमिकॉम या आपल्या घरगुती गेम-यंत्राला टेलिफोनची तार जोडून घरबसल्या खरे शेअर घ्यावे-विकावेत. आपल्याकडे ज्या यंत्राच्या नकली भावंडांत आपण ‘कॅसेट’ फुंकून घालत होतो, तेच हे यंत्र! त्याच वर्षी ‘मोमोतारो देन्तेत्सु’ हा गेम आला. रेल्वेने देशभर हिंडायचं आणि गावोगाव मालमत्ता विकत घ्यायची. वर्षभरापूर्वी, १ एप्रिल १९८७ ला, सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन खासगी कंपन्या झाल्या होत्या, हाही संदर्भ ध्यानात असू द्या. १९८९ च्या पुढच्या भागात त्यात ‘बिम्बोगामी’ शिरला. कुणी मुक्कामाला पोचलं की सगळ्यात मागे राहिलेल्या खेळाडूच्या पाठीला तो चिकटतो आणि पैशाची वाट लावत सुटतो. भाषांतरात हा ‘दारिद्र्यदेव’ करू नका, पाठ्यपुस्तकी वाटेल. आपल्याकडे अक्काबाईचा फेरा आहे ना! देव जपानी राहू द्या, पण तो पाठीला लागला की ‘अक्काबाईचा फेरा आला’ म्हणा. तेजीच्या ऐन शिखरावर मुलांच्या खेळात अक्काबाई आली, हे मला फार आवडतं.

आता तुमचा ‘बबली’. जपानीत तो ‘बाबुरी’. इंग्रजीतला बबली म्हणजे उत्साहाने फसफसणारा माणूस, त्याच्याशी याचा फारसा संबंध उरलेला नाही. बाबुरी म्हणजे त्या काळासारखा: रुंद खांदे, अंगाबरोबरचे कपडे, सोनेरी बटणं, नको तिथे संगमरवर. २०१७ मध्ये ओसाकातल्या एका शाळेच्या नृत्यगटाने या थाटाची नक्कल केलेला ‘बाबुरी डान्स’ जपानभर गाजला. नाचणाऱ्या मुलींच्या जन्माआधीच ते सगळं संपलेलं होतं. या विशेषणाला माझं उत्तर: भपकेबाज. ‘श्रीमंती’ नको, ‘वैभवशाली’ तर नकोच. भपक्यात दिखावा आहे, थोडी थट्टा आहे आणि थोडा हेवाही आहे. शिवाय शेजारीच भपकारा आहे, दारूचा येतो तो. त्या काळच्या जपानी जाहिराती आणि गाणी संथ करून इंटरनेटवरच्या पोरांनी पुढे जो ‘व्हेपरवेव्ह’ नावाचा प्रकार काढला, त्याच्या नावात वाफच आहे. भपका म्हटलं की देखावाही आला आणि वाफही.

मग बुडबुडा कुठेच नको? एका ठिकाणी हवा. २०१५ मध्ये आलेला ‘याकुझा झीरो’ हा गेम डिसेंबर १९८८ मध्ये घडतो, पण लिहिला गेलाय सगळं फुटून गेल्यावर. इथे शत्रूला ठोसा मारला की त्याच्या अंगातून रक्ताऐवजी नोटा उडतात. गुंड अडवायला आले तर नोटा उधळून त्यांना गुंतवता येतं. आणि सगळी मारामारी कशासाठी, तर टोक्योतल्या जमिनीच्या एका रिकाम्या तुकड्यासाठी. जपानीत त्याचं नाव ‘कारा नो हितोत्सुबो’, म्हणजे रिकामा एक त्सुबो. एक त्सुबो म्हणजे ३.३ चौरस मीटर, दोन माणसांच्या पथारीएवढी जागा. हा गेम हसत हसत कीर्तनच करतो. या काळाबद्दल इथे ‘बुडबुडा’ लिहिलात तर घरचे हसणार नाहीत.

याच गेममध्ये एक शब्द सारखा भेटेल, ‘जिआगे’. शब्दशः जमीन वर उचलणं, मूळ अर्थ भराव टाकून जागा उंच करणं. बबलच्या काळात त्याचा अर्थ झाला छोट्या छोट्या मालकांना आणि भाडेकरूंना गोडीने नाहीतर दांडगाईने हुसकावून सलग भूखंड तयार करणं. इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांना त्यासाठी टीप लिहावी लागत असेल. तुम्ही ‘जागा खाली करून घेणं’ एवढंच लिहा. गिरगावातल्या आणि लालबागमधल्या वाचकाला टीप लागणार नाही.